जास्वंदीची पिलबाग

आईला पोटाचा कॅन्सर निघाला, त्या वर्षी अंगणातल्या जास्वंदी मोकाट सुटल्या. एरवी जळगावच्या आमच्या घरात झाडांची कात्री तिच्याशिवाय कुणी उचलायचं नाही. पावसाळा सरता सरता ती फांद्या अर्ध्यावर छाटायची आणि मग शेंडे खुडत राहायची, म्हणजे झाड उंच न जाता बाजूंनी भरायचं. फुलं बरोबर खिडकीच्या चौकटीशी यायची. आता पलंगावरून तिला त्याच खिडकीतून नुसत्या काटक्या दिसत. फुलं पार वर सज्जाला लागलेली. मरण्याआधी ती फुलं एकदा पाहायची होती तिला. चौकटीएवढ्या कापा, एवढंच मागणं तिनं नानांकडे केलं.

नाना म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी हयात सावद्याला केळीत गेली. घड उतरला की खांब बुंध्यातून तोडायचा, बाजूला मुळातून फुटलेलं पील वाढवायचं, की झाली पिलबाग. भर वैशाखात, आईचा डोळा लागलेला असताना, त्यांनी कोयत्यानं सगळ्या जास्वंदी जमिनीलगत उडवल्या. खालून जोमानं फुटतीन, म्हणाले. मला भयंकर संताप आला. आई जागी झाली, खिडकीतून समोरची कुंपणाची उघडी भिंत बघत राहिली, आणि हळूच म्हणाली की अहो, जास्वंदीला पिलं नसतात.

नानांनी खुंटांवर ओलं गोणपाट घातलं, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. उन्हानं काही सोडलं नाही. नखानं साल खरवडली तर आत वाळकं लाकूड. आई रोज विचारायची, फुटलं का? तिच्याशी कधी खोटं न बोललेला हा माणूस सांगू लागला की फुटलंय, पण चौकटीच्या खाली आहे, तुला दिसायचं नाही. केवढं, असं तिनं विचारलं की बोट दाखवायचे. पुढे दोन बोटं, मग वीत. मला ते ऐकवत नसे. मी उठून स्वयंपाकघरात जायचो.

मग तिचं अन्न तुटलं. नाना बाहेर पाणी घालत होते तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं.

"त्यायले सांग, आता कळी आली म्हना. मले जास्त थांबता येनार नही."

मी जाऊन सांगितलं. नानांनी उरलेलं पाणी खुंटांवर ओतलं. मग नळावर तोंड धुतलं आणि फूल उमललं म्हणून सांगायला आत गेले.