नळी उतरताना मी जागी होते

मी जात्याच भित्री. मेलेला विंचू दिसला तरी चप्पल हातात घेऊन लांब उभी राहते, हे घरचे सगळे जाणतात आणि त्यावरून मला छळतातही. पण गळ्यावरची गाठ वाढू लागली तेव्हाची भीती निराळी होती. सुपारीएवढी होती तोवर ती पदराखाली झाकून मी मोताळ्याच्या बाजारात वांगी-मिरच्या विकायला बसायची. पुढे ती मुठीएवढी झाली आणि आतून श्वासनळीवर रेलू लागली. आडवं झालं की कुणी गळ्यावर गुडघा ठेवल्यासारखं व्हायचं. मग भिंतीला गोधडी लावून बसल्या बसल्याच झोपू लागले. मारोतीवर माझी लहानपणापासून श्रद्धा. आमच्याकडे बायका पाराखालूनच त्याचं दर्शन घेतात, तसं मी दर शनिवारी घेत आले. पण खरं सांगते, त्या दिवसांत मी त्याच्याकडे रागानंच पाहायची. म्हणायची, बाबा रे, तू वाऱ्याचा लेक, आणि तुझ्या दारात उभं राहून मलाच वारा पुरेना.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. एकाच गोष्टीचा आधार होता. भूल देतील, मी झोपून जाईन, मग मरायचं असलं तरी झोपेत मरेन. शनिवारचा दिवस ठरला. आदल्या दिवशीच आम्ही घाट चढून दवाखान्यात दाखल झालो. रात्रीपासून पोटात काही घ्यायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. सकाळी माझी मोठी जाऊ गावाहून आली. शनिवार म्हणून पहाटेच मारोतीला जाऊन तिनं गूळ-फुटाण्याचा प्रसाद डब्यात आणला होता. आमच्या घरची रीत अशी की कितीही कडक उपास असो, हातावर आलेला प्रसाद नाकारायचा नाही. मी नर्सबाईंनी बजावलेलं जावेच्या कानावर घातलं, तर ती म्हणाली, "अवं, प्रसाद का जेवण असते?" मला डॉक्टरांची भीती होतीच, पण त्या दिवशी मारोतीला नाही म्हणायची भीती त्याहून मोठी वाटली. चिमूटभर गूळ-फुटाणे मी तोंडात टाकले.

थोड्या वेळानं नर्सबाईंनी विचारलं, काही खाल्लं का. खोटं बोलवेना. झालं, ऑपरेशन पुढं ढकललं. भुलीत असताना पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात गेलं तर माणूस दगावतो, असं त्यांनी समजावलं आणि वर चांगली कानउघाडणीही केली. आमचे हे तर भडकलेच. जाऊ बिचारी खिडकीकडे तोंड करून पदरानं डोळे पुसत राहिली. आणि मी? देवाच्या प्रसादानंच घात केला, हा अपशकुन आहे, हेच माझ्या मनानं घेतलं. मी बाजेवरून उतरले आणि पिशवी भरायला लागले. ह्यांनी पिशवी काढून घेतली. म्हणाले, "घरी जाऊन काय करतं तू? भिंतीले टेकून मरतं का?" ते रागात बोलत होते, पण पिशवी त्यांनी पोटाशी घट्ट धरली होती. मी बसले. मधला रविवार कसा गेला ते सांगता येणार नाही.

सोमवारी भुलीच्या डॉक्टर दुसऱ्या आल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. त्यांनी मला आडवं व्हायला सांगितलं. मला होता आलं नाही. त्यांनी फोटो उजेडात धरून पाहिले, गाठ बोटांनी चाचपली, आणि शांतपणे म्हणाल्या की काकूंना आधी भूल द्यायची नाही. झोप लागली की घशातले स्नायू सैल पडतील, ही गाठ श्वासनळी पुरती दाबून टाकेल, आणि मग नळी घालायलाही वाट मिळणार नाही. म्हणून तुम्ही जाग्या असतानाच कॅमेऱ्याच्या मदतीनं नळी आत न्यायची, मग भूल. तो कॅमेरा त्यांचा स्वतःचा होता, आणि त्या दवाखान्यात त्या फक्त सोमवारी येत. हे त्यांनी बोलता बोलता सांगितलं. त्या घटकेला मला त्याचं काहीच वाटलं नाही. माझ्या कानात एवढंच घुमत होतं, जाग्या असताना, जाग्या असताना. झोपेत मरायचा माझा आधारही गेला होता.

आत मला टेबलावर बसवूनच ठेवलं. नाकाला ऑक्सिजन लावला, घशात कडू औषधाचा फवारा मारला. हळूहळू जीभ, टाळू, घसा, सगळं बधिर झालं. आवंढा गिळला की नाही तेही कळेना. माय वं, त्या घडीची भीती वैऱ्यालाही येऊ नये. आपलाच गळा आपल्याला सापडत नव्हता. मग त्यांनी नाकातून ती काळी, बारीक, लवचिक दोरीसारखी कॅमेऱ्याची नळी सोडली. दुखत नव्हतं. पण ती आत सरकली तशी मला ठसका लागला. मी श्वास ओढायला गेले, आणखी ओढला, जितका ओढावा तितका तो अडकायला लागला. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी डॉक्टरांचं मनगट घट्ट पकडलं. मारोतीचं नाव घ्यावं म्हणून धडपडले. रोज तोंडपाठ म्हणत आलेलं स्तोत्र, त्याचा एक शब्द आठवेना. साधं नावसुद्धा नाही. आपण मेलो, आणि देवाला न बोलावताच मेलो, असं वाटून मला हुंदका आला.

डॉक्टरांनी हात सोडवून घेतला नाही. त्या थांबल्या. शेजारी उभ्या नर्सबाईंना सांगून त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा माझ्याकडे वळवला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "काकू, तुम्ही श्वास ओढू नका. तो येतोय. त्याला फक्त येऊ द्या."

पडद्यावर माझाच घसा दिसत होता, लालसर, ओला. त्याच्या तळाशी दोन पांढऱ्या कडा होत्या. त्या उघडत होत्या, मिटत होत्या, पुन्हा उघडत होत्या. मी काही करत नव्हते. माझी अक्कल थिजलेली, तोंडात नाव नाही, मनात भक्ती नाही, नुसती भीती. तरीही ते दार आपलं आपण उघडत होतं. मी बघत राहिले आणि माझी मूठ कधी सैल झाली ते मला कळलं नाही. एकदा दार उघडलं, तेव्हा कॅमेरा आत गेला, मागोमाग श्वासाची नळी गेली. कुणीतरी म्हणालं, झालं, काकू. मग झोप आली.

जाग आली तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि मी जवळजवळ आडवी पडले होते. शनिवारी ऑपरेशन झालं असतं तर काय झालं असतं, हे मी कुणाला विचारलं नाही. त्या दिवशीच्या डॉक्टरांनीही आपली काही तजवीज केलीच असेल, त्यांना मी बोल लावत नाही. त्या डॉक्टर मुलीला मात्र मी हात जोडले. ती ओशाळली. घरी आल्यावर खूप विचार केला. इतकी वर्षं मला वाटायचं की मी धरून ठेवलंय म्हणून सगळं चाललंय, माझ्या शनिवारांवर, माझ्या स्तोत्रावर. त्या दिवशी माझ्या हातातून सगळं सुटलं, आणि कुठंच काही अडलं नाही. देवावर सोपवणं म्हणतात ते मी केलं नाही. माझ्याकडून ते करवून घेतलं गेलं.

जाऊ भेटायला आली तेव्हा अजून अपराधी दिसत होती. माझ्या पायाशी बसून तिनं विचारलं, आत असताना मारोतीचं नाव घेत होतीस ना. हो म्हणणं सोपं होतं. मी घोगऱ्या आवाजात खरं ते सांगितलं, की नाही, आठवलंच नाही. ती पुढं सरकून म्हणाली,

"मंग वं, तू हाक नाही मारली तं त्याले समजलं कसं?"

मी तिचा हात ओढून माझ्या छातीवर ठेवला. छाती सावकाश वर होत होती, खाली होत होती.