श्यामराव कापगते यांचा टेस्ट पीस

श्यामराव कापगते यांनी चौतीस वर्षे रेल्वेचे रूळ तपासले आणि त्या काळात कोणत्याही माणसावर, यंत्रावर किंवा शिक्क्यावर पुराव्यावाचून विश्वास ठेवला नाही. भिलाईच्या कारखान्यात, रेल मिलच्या तपासणी विभागात पाळी सुरू झाली की ते आधी यंत्राचीच परीक्षा घेत. त्यासाठी पोलादाचा एक तुकडा ठेवलेला असे. त्यात मुद्दाम एक बारीक छिद्र पाडलेले असे आणि ते कुठे आहे हे सर्वांना ठाऊक असे. यंत्राने ते छिद्र दाखवले तरच त्याने पुढे रुळांबद्दल मत द्यायचे. या तुकड्याला टेस्ट पीस म्हणत. निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले, तेव्हा श्यामरावांनी ते घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिले आणि मगच आभार मानले.

वैशाली नगरातले त्यांचे घर त्यांनीच उभे राहून बांधून घेतले होते. खालचा मजला भविष्यात निघणाऱ्या दुकानासाठी राखला आणि राहण्याची सोय वर केली. दुकान निघाले नाही. जिन्याच्या अठरा पायऱ्या मात्र राहिल्या. कमलिनीबाईंचे गुडघे गेले तसे ते घर विकून रुआबांध्यात तळमजल्यावर एक फ्लॅट घ्यावा असे ठरले. गिऱ्हाईकही मिळाले. एका बँकेतला तो अधिकारी दसऱ्यापर्यंत थांबायला तयार होता. हे घर विकल्याशिवाय तो फ्लॅट होणार नव्हता, आणि दोन्हींचे कागद पाहायला एक वकील हवा होता.

वकील कोणता, हे श्यामरावांनी आधी शेजारच्या देवाजींना विचारले. देवाजी मूळचे भंडाऱ्याकडचे, कारखान्याच्या कोक ओव्हन विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी क्षणाचाही विचार न करता दुर्गच्या कोर्टात बसणाऱ्या भय्याजींचे नाव घेतले. त्यांच्या साळ्याच्या जमिनीची केस भय्याजींनीच घेतली होती.

"निकाल काय लागला?" श्यामरावांनी विचारले.

"निकाल कायचा? बावीस वर्षं झाले, केस अजून चालूच हाय. इतका टिकाऊ वकील भेटत नाही, कापगतेजी."

शिफारशीवर वकील निवडणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचणे, असे श्यामरावांचे मत झाले. वकिलाची परीक्षा घ्यायची तर ती यंत्राची घेतात तशीच घ्यायला हवी, हे त्यांना अंथरुणावर पडल्यापडल्या सुचले आणि त्या कल्पनेने त्यांना गाढ झोप लागली.

टेस्ट पीस म्हणून त्यांनी स्वतःच्या घराची फाइल निवडली, कारण जगात तिच्याइतकी निर्दोष वस्तू त्यांना दुसरी माहीत नव्हती. ही जमीन त्यांनी २००२ साली बिसाहू साहू नावाच्या शेतकऱ्याकडून घेतली होती. बिसाहूजी अंथरुणाला खिळले होते, म्हणून मुलगा कमलेश याच्या नावे मुख्त्यारपत्र करून त्यांनी त्याला विक्रीचा अधिकार दिला होता. फाइलमध्ये बिसाहूजींचे मूळ खरेदीखत होते, मुख्त्यारपत्र होते, श्यामरावांच्या नावची रजिस्ट्री होती, तहसीलीत नाव चढल्याचा नामांतरणाचा आदेश होता आणि बावीस वर्षांच्या मालमत्ता कराच्या पावत्या होत्या. शिवाय श्यामरावांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेला एक 'घटनाक्रम' होता. तसा कागद ते प्रत्येक कामाला जोडत.

मालकी ही साखळी असते, मधली एक कडी नसली तर पुढच्या सगळ्या कड्या हवेत लटकतात, हे त्यांनी वर्तमानपत्राच्या एका सदरात वाचले होते. म्हणून त्यांनी बिसाहूजींचे मूळ खरेदीखत काढून वेगळ्या पिशवीत ठेवले. हे झाले छिद्र. आता ते कोणाला दिसते, एवढेच पाहायचे होते.

भय्याजींनी फाइल हातावर तोलली, कराच्या पावत्यांवरून अंगठा फिरवला आणि एवढा कर भरणारा माणूस मालक नसेल तर कोण असेल, असा उलट प्रश्न केला. फाइल पक्की आहे, आपण स्वतः पाहिली आहे, असे कोणालाही सांगा म्हणाले. सुपेल्यातल्या पियूष नावाच्या तरुण वकिलाने सगळे कागद मोबाइलवर उतरवले, संध्याकाळी 'ऑल ओके' असा निरोप पाठवला आणि पासपोर्ट काढायचा असल्यास तेही काम करतो असे कळवले. श्यामरावांनी वहीत दोघांच्या नावांपुढे लिहिले: छिद्र दिसले नाही. वकिलांची नालायकी सिद्ध होत होती तसतसा त्यांचा आनंद वाढत होता, आणि दसरा जवळ येत होता, याकडे कमलिनीबाईंनी दोनदा लक्ष वेधले.

तिसऱ्या उत्कर्षा देवगडे. वय चाळिशीच्या आत, वडील कारखान्यातच क्लार्क होते, बालपण कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये गेलेले. दुर्गच्या त्यांच्या छोट्या खोलीत त्यांनी पाऊण तास एकही शब्द न बोलता फाइल वाचली. मग विचारले, बिसाहूजींकडे ही जमीन कुठून आली, त्याचा कागद कुठे आहे?

श्यामरावांचा चेहरा उजळला. त्यांनी पिशवीतून खरेदीखत काढून टेबलावर ठेवले आणि परीक्षेची सगळी हकीकत सांगितली. उत्कर्षाबाई हसल्या नाहीत.

"काका, आणखी काय काय काढून ठेवलं?"

"बाकी काहीच नाही. बाकी फाइल पक्की आहे."

"मग मला सांगा, रजिस्ट्रीच्या दिवशी बिसाहूजी होते का?"

उत्कर्षाबाईंच्या हातात घटनाक्रम होता. त्यावर श्यामरावांच्याच अक्षरात लिहिले होते: 'चौदा नोव्हेंबर, विक्रेता मयत. तेवीस नोव्हेंबर, दशगात्रास हजर, जेवण. पंचवीस नोव्हेंबर, रजिस्ट्री. विलंब नाही.' शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ होती. दहाव्याच्या जेवणानंतर तिसऱ्याच दिवशी काम तडीस नेले, ही गोष्ट ते आजवर अनेकांना अभिमानाने सांगत आले होते.

"मुख्त्यारपत्र म्हणजे जिवंत माणसाने उसना दिलेला हात असतो, काका," उत्कर्षाबाई म्हणाल्या. "माणूस गेला की हातही गेला. पंचवीस तारखेला कमलेशने सही केली ती कोणाच्या हाताने?"

बिसाहूजींच्या मागे घरात कोण कोण होते हे विचारून घेऊन पुढचे त्यांनी सावकाश समजावले. बिसाहूजी गेले त्या दिवशी जमीन त्यांच्या वारसांची झाली. बायको आधीच गेलेली, मृत्युपत्र नव्हते, म्हणजे वारस दोन: कमलेश आणि त्याची बहीण. कमलेशचा अर्धा हिस्सा त्याच्या सहीने गेला असे मांडता येईल, पण बहिणीने काहीच दिलेले नाही. कराची पावती पैसे कोणी भरले एवढेच सांगते. नामांतरणाने सरकारला कर कोणाकडून घ्यायचा ते कळते. मालकी या दोन्हींतून येत नाही. इतकी वर्षे उघडपणे राहिल्यामुळे घरातून कोणी सहज काढणार नाही, पण गिऱ्हाईकाचा वकील या कागदांवर त्याला घर घेऊ देणार नाही. मृत्यूची बातमी नसताना घेतले असते, तर कायदा कदाचित पाठीशी उभा राहिला असता.

"पण तुम्हाला बातमी होती. तुम्ही तर जेवून आले होते."

उपाय एकच होता. बहिणीने आपला हिस्सा सोडल्याचा दस्त रजिस्टर करून द्यावा.

घरी हे ऐकून कमलिनीबाई थोडा वेळ गुडघ्याला तेल चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "चौतीस वर्षं दुसऱ्याचे रूळ तपासले, अन् आपल्या घराची भेग आपल्याच हातानं लिहून ठेवली. कोणी मागतला होता तो कागद?"

श्यामरावांनी घटनाक्रम उचलून पुन्हा फाइलमध्ये लावला.

"टाका ना मंग चुलीत. तुमाले मेल्याची बातमी होती, हे आता कोणाले मालूम हाय?"

"रेकॉर्ड आहे ते."

"मंग रेकॉर्डमध्येच राहा. मी खाली जाऊन राहतो, दुकानात."

त्यांनी कागद फाडला नाही. सद्सद्विवेकापेक्षा सवयीचाच त्यात अधिक वाटा असावा.

बहिणीचे नाव दुलारीन. दुर्ग जिल्ह्यातल्याच पाटणजवळच्या एका गावात ती अंगणवाडीत काम करत होती. निरोप गेला तेव्हा तिने कळवले की आपल्या वकिलासमोर बोलू. ठरल्या दिवशी श्यामराव दुर्गला पोचले आणि त्यांना दिसले की तिचे वकील म्हणजे भय्याजीच. भय्याजींनी श्यामरावांना ओळखले, मोठ्या आपुलकीने बसायला सांगितले आणि दुलारीनला धीर दिला. ही फाइल आपण स्वतः तपासली आहे, तीत एकही उणीव नाही, सही ही केवळ औपचारिकता आहे, असे त्यांनी तिला हिंदीत निःशंकपणे सांगितले. तिने दस्तावर सही करायला पेन उचलले.

आता फक्त गप्प बसायचे होते. श्यामरावांनी जो वकील नापास केला होता त्याच्याच आंधळेपणाने घर वाचणार होते. पण चौतीस वर्षांत त्यांनी भेगेचा रूळ पुढे जाऊ दिला नव्हता, आणि हा रूळ दुसऱ्याच्या गाडीखाली जाणार होता.

त्यांनी पेन थांबवायला सांगितले. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी दुलारीनला सगळे सांगितले: ही औपचारिकता नाही, या जमिनीत तुमचा अर्धा हिस्सा आहे, तो तुमच्याकडून कोणी घेतलेलाच नाही आणि सही केली तर तो जाईल. मग घटनाक्रम तिच्यासमोर ठेवला. भय्याजी खिडकीबाहेर पाहू लागले.

दुलारीनने तो कागद वाचायचा प्रयत्नही केला नाही. ती छत्तीसगढीत म्हणाली, "ददा के दशगात्र मा तुमन आए रेहेव। मैं भात परोसे रेहेंव।"

वडिलांच्या दशगात्राला तुम्ही आला होता, भात मीच वाढला होता. तुम्ही डाळ दुसऱ्यांदा मागितली होती, हेही तिला आठवत होते. मी तुमच्यापासून दहा पावलांवर उभी होते, असे ती पुढे म्हणाली, आणि दोन दिवसांनी भाऊ रजिस्ट्री करून आला तेव्हा मला कळले. पैसा भावाने ददाच्या दवाखान्याची उधारी फेडायला लावला, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मला फक्त एवढे सांगा, की मला का नाही विचारले?

श्यामरावांची नजर टेबलावरच्या कागदाकडे गेली. घटनाक्रमात तिच्यासाठी ओळच नव्हती.

तिने पेन खाली ठेवले. सही करीन, म्हणाली, पण आज नाही. पितर पाखात, म्हणजे पितृपक्षात, ददाच्या तिथीला घरी या, बाईंना घेऊन या, जेवा. रजिस्ट्री त्यानंतर दोन दिवसांनी. त्या वेळचाच क्रम ठेवू, फक्त या वेळी विचारून.

तिथीच्या दिवशी दोघे भाड्याच्या गाडीने गेले. दुलारीनचे घर बैठे होते आणि कमलिनीबाईंना एकही पायरी चढावी लागली नाही, हे त्यांनी येताना तीन वेळा सांगितले. श्यामरावांनी या खेपेस डाळ दुसऱ्यांदा मागितली नाही. दुलारीनने न विचारता वाढली. दोन दिवसांनी दस्त झाला. कमलेशनेही त्यावर सही केली. दस्त उत्कर्षाबाईंनी लिहिला होता आणि त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. रात्री श्यामरावांनी जुन्या घटनाक्रमाखाली तीन नव्या ओळी लिहिल्या. 'विलंब' या शब्दापुढे बराच वेळ पेन धरून शेवटी 'बावीस वर्षे' असे लिहिले आणि त्याखाली रेघ ओढली नाही.

दसऱ्याच्या चार दिवस आधी गिऱ्हाईकाचा वकील फाइल न्यायला आला. श्यामरावांनी ती कपाटातून काढून आणली आणि टेबलावर ठेवली. वकिलाने हात पुढे करण्याआधी कमलिनीबाईंनी ती आपल्याकडे ओढली, चष्मा लावला आणि नवऱ्याकडे एकदा पाहून पाने मोजायला सुरुवात केली.