शेवट दाखवा

शांता गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरनं दिली. मी ड्यूटी संपवून अकोल्याच्या दवाखान्यातून बाहेर पडले होते, समोर मूर्तिजापूरला जाणारी गाडी उभी होती, आणि हा ओळखीचा माणूस पायरीवरून उतरून माझ्याकडे आला. त्याच्या बायकोची दोन्ही बाळंतपणं शांतानं केलेली. "विमलबाई, तुमी येथीच? मले वाटलं तुमी कालच गेल्या असान." मी विचारलं, कुठं? मग त्याच्या लक्षात आलं की मला काहीच माहीत नाही. "सिस्टरबाई गेल्या ना. काल सकायी. कावीय डोक्यात गेली म्हने." कावीळ झालीय एवढं मला कळलं होतं. ती रजा घ्यायला तयार नाही, हेही कळलं होतं. या रविवारी जाऊन तिला रागवायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं... कंडक्टरनं मला हाताला धरून गाडीत बसवलं. त्यानं तिकीट फाडलं की नाही, हे मला आता आठवत नाही.

तिच्यासाठी तिच्या मूर्तिजापूरच्या दवाखान्यात सभा झाली, तिथं डॉक्टरांपासून कारकुनापर्यंत सगळे बोलले. ती मनमिळाऊ होती, गोड स्वभावाची होती, कधी कुणाला उलटून बोलली नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि मला वाटत होतं, हे कुणाबद्दल बोलताहेत? शांता मनमिळाऊ नव्हती. ती उलटून बोलत असे, वेळेवर बोलत असे आणि बोललेलं मागं घेत नसे. माणूस मेलं की त्याचे कोपरे घासून त्याला गुळगुळीत करायचं, हे मला मान्य नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही दोघी अमरावतीला सरकारी दवाखान्यात नर्सिंग शिकायला एकाच वर्षी आलो. मी अकोल्याची, घरची काळी जमीन, चार भावंडं. ती चांदूर बाजारकडच्या एका खेड्यातली. छप्पन साली तिच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतला होता. होस्टेलच्या पहिल्याच दिवशी तिनं ते आपणहून सांगितलं आणि वर म्हणाली, "मंग मागून कोनी इचारत बसू नये. ज्याले खोली बदलाची असन त्यानं आजच बदला." कुणी खोली बदलली नाही असं नाही, एकीनं बदलली. मी राहिले. आमची मैत्री त्या क्षणी झाली, असं लिहायला बरं वाटलं असतं, पण खरी मैत्री झाली ती घोडेवालीमुळं.

आताच्या मुलींना घोडेवाली माहीत असण्याचं कारण नाही. त्या काळी तिचे तीन सिनेमे आले होते, दर दीड-दोन वर्षांनी एक. हिंदी सिनेमे, त्यांना लांबलचक नावं होती, पण आपल्याकडे सगळे 'घोडेवालीचा पिक्चर' एवढंच म्हणत. एका संस्थानात एक पाणक्या असतो. दुष्ट दिवाण त्याला मारतो, आणि त्याची पोरगी तोंडाला काळा रुमाल बांधून, घोड्यावर बसून दिवाणाच्या माणसांना चाबकानं झोडपत फिरते. राजपुत्राचा तिच्यावर जीव जडतो, पण रुमालामागं कोण आहे हे त्याला कळत नाही. दर सिनेमाच्या शेवटी दिवाण निसटायचा आणि लोक शिव्या देत बाहेर पडायचे, पुढच्याची वाट पाहत. माझे मोठे भाऊ, ज्यांना मी भाऊच म्हणते, ते जिनिंगमध्ये मुकादम होते, आणि घोडेवालीचे अकोल्यातले सगळ्यात मोठे भक्त. त्यांच्या मित्रांची टोळीच होती. पान खाताना, कापसाच्या गाड्या उतरवताना त्यांचं तेच चालायचं. शांतानं पहिला सिनेमा बाजारातल्या तंबूत, जमिनीवर बसून पाहिलेला. ती आमच्या घरी सुटीत आली की भाऊ आणि ती ओसरीवर बसून घोडेवालीचं पुढं काय होणार यावर बोलत. आईला ते आवडायचं नाही, पण भाऊंना घरात ऐकून घेणारं दुसरं कुणी नव्हतं.

आमचं शिक्षणाचं शेवटचं वर्ष होतं तेव्हा चौथा सिनेमा आला. हा शेवटचा, असं पोस्टरवरच छापलं होतं. आधी अमरावतीला लागणार म्हणून भाऊ टोळी घेऊन अकोल्याहून आले. पहिल्या दिवशीच्या तीनच्या खेळाला आम्ही सगळे गेलो, ते पुरुषांच्या बाजूला, आम्ही बायकांच्या. दिवाण पडला तेव्हा लोकांनी फेटे उडवले. घोडेवालीनं भरदरबारात रुमाल सोडला. राजपुत्र सिंहासनावरून खाली आला, मांडव सजला, सनई सुरू झाली. थिएटरात लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. आणि मग ती पोरगी हात जोडून सगळ्यांना नमस्कार करते, बाहेर येते, घोड्याचं खोगीर काढून त्याला मोकळा सोडते आणि पायी आपल्या गावाला जाते. गावच्या विहिरीवर घागर भरते, ओंजळीनं पाणी पिते. संपलं.

क्षणभर कुणाला समजलंच नाही. मग जो गोंधळ झाला तो मी आजवर पुन्हा पाहिलेला नाही. खुर्च्या आपटल्या, पडद्यावर चपला गेल्या. कुणी म्हणत होतं लग्न दाखवा, कुणी म्हणत होतं तिला गादीवर बसवा. काही थोडे लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना बाकीचे मारायला धावले. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत शांता होती. तिला धरून बाहेर आणता आणता माझी चप्पल हरवली.

बाहेर चहाच्या टपरीपाशी भाऊ अक्षरशः रडकुंडीला आले होते. "इतले वर्षं वाट पाह्यली आमी. ज्या सिंहासनासाठी लढली ते सोडून घागर उचलते? हा काय शेवट झाला?"

"सिंहासनासाठी कधी लढली ती?" शांता म्हणाली. "दिवानाले हटवासाठी लढली. सिंहासनावर तं तुमीच तिले बसवून राह्यले होते, चार पिक्चरपासून."

"आन् राजपुत्र? त्याचं काय?"

"त्याले तिचं नाव तरी मालूम होतं का, भाऊ?"

टोळीतला एक जण हसला. भाऊ आणखी चिडले. "येवढ्या मोठ्या बाईचा शेवट इहिरीवर कराचा का कोनी?"

शांतानं चहाचा कप खाली ठेवला. "पहिल्या पिक्चरमंधी सुरुवातीले काय होते सांगा. दिवानाचे लोक तिले त्याच इहिरीवरून हाकलतात. घागर फोडतात. तुमाले कोनालेच याद नाही, कारन मंग घोडा आला. तुमी घोडा पाह्यला, भाऊ. मी इहीर पाह्यली."

भाऊंनी पान थुंकलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. अकोल्याला जाऊन त्यांनी जिकडे तिकडे सांगितलं की पिक्चर बिघडवला आहे, पाहू नका. अर्थात पुढं तो अकोल्याला लागला तेव्हा तेच पहिल्या रांगेत होते, पुन्हा चिडायला.

पुढच्या आठवड्यात आमच्या वर्गातल्या बाकीच्या मुलींना घेऊन शांता परत तीनच्याच खेळाला गेली. मीही होते. त्या दिवशी बाजारहाटाला आलेल्या बायका पुष्कळ होत्या. आमच्या शेजारी चांदूर बाजारच्या एक पाटलीणबाई सुनेला घेऊन बसल्या होत्या. सनई वाजली, मांडव दिसला, आणि पट्कन दिवे लागले. पडदा पांढरा. लोक खुशीत उठून बाहेर जायला लागले. मालकानं शेवट कापून टाकला होता.

शांता उठली नाही. तिनं शेजारच्या बाईंना सांगितलं, "बसा, अजून राह्यला आहे." त्या बसल्या. त्यांच्या मागच्या बसल्या. साफसफाईवाला आला, त्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर चांगल्या घरचा, तोंडानं मऊ माणूस होता. "बाई, पिक्चर संपलं. पुढच्या खेळाचे लोक उभे आहेत."

"संपलं नाही. शेवट दाखवा."

"अवो, तो शेवट लोकांले नाही पाह्यजे. माह्या खुर्च्या मोडल्या लोकायनं."

"आमी लोक नाही का?" शांता म्हणाली. "आमी एक तरी खुर्ची मोडली का? मोडली असती तं तुमी दाखवला असता का?"

पाटलीणबाईंना तोवर नेमकं काय राहिलंय हे कळलं नव्हतं, पण काहीतरी आपल्याला न देता ठेवून घेतलंय एवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांनी पदर खोचला, पाय वर घेऊन खुर्चीवर मांडी घातली आणि सुनेला म्हणाल्या, "बस वं. पुरा पाहूनच जाऊ." मग बायकांची सगळी बाजूच खाली बसली. कुणी आरडाओरडा केला नाही. लहान मुलांना बाहेर नेऊन आणलं, एकीनं बाळाला पाजायला घेतलं, कुणी भाजी निवडायला काढली. बाहेर पुढच्या खेळाची माणसं दारं ठोकत होती. मॅनेजर दोनदा आला, पोलिसांचं नाव काढून गेला. "बलवा," शांता म्हणाली. "त्यायले बी शेवट दाखवू."

अखेर मॅनेजरनं कापलेला तुकडा लावायला सांगितलं आणि दिवे मालवले. पुढच्या खेळाची माणसं अंधारात आत घुसली आणि तीही उभ्यानंच पाहू लागली. घोडेवाली मांडवातून निघाली, घोडा सोडला, विहिरीवर आली. पाणी प्याली. पुरुषांच्या बाजूनं निम्मे ओरडले, निम्म्यांनी टाळ्या वाजवल्या. पाटलीणबाई शांताला म्हणाल्या, "लगन लावलं असतं तं बरं झालं असतं, पोरी." शांता हसून म्हणाली, "चालते. पन पाह्यलं ना तुमी?"

मॅनेजरनं दुसऱ्याच दिवशी आमच्या मेट्रनकडे तक्रार केली. शांताला एकटीला बोलावलं, पण मी सोबत गेले. तिथं बसलेला एक हेडक्लार्क मध्येच म्हणाला, "आजकाल या लोकांना फार शिंगं फुटलीत." शांता त्याच्याकडे वळून म्हणाली, "या लोकायमंधी चांदूर बाजारच्या पाटलीनबाई बी होत्या. त्यायले कळवू का, तुमी काय म्हनता ते?" मेट्रन वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, थिएटरात जाऊन माफी माग, विषय संपव, तुझं अमरावतीचं पोस्टिंग जवळजवळ ठरलंय. मला वाटलं, शांता माफी मागेल. अमरावतीच्या नोकरीवर तिच्या घराचं किती अवलंबून होतं, हे मला माहीत होतं. लहान भावाला ती तिथं शाळेत घालणार होती. मग ती म्हणाली, "मॅडम, चूक झाली असती तं मांगितली असती."

तिला मूर्तिजापूर मिळालं. त्या वेळी तिथल्या दवाखान्यात धड खाटा नव्हत्या. होस्टेलची ट्रंक बांधताना ती रडली, हेही मी लिहिणार आहे, कारण ती दगडाची नव्हती. पण रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि म्हणाली, "भावाले मूर्तिजापूरले बी शाया आहे." त्या शाळेतून तो मॅट्रिक झाला, आज तो सरकारी नोकरीत आहे. ती मूर्तिजापूरलाच राहिली. पुढं बदली मागायची संधी आली तेव्हाही तिनं मागितली नाही. लग्न केलं नाही. त्याबद्दल लोक जे बोलत ते तिच्यापर्यंत पोचे. "बोलू दे," एवढंच ती म्हणे, आणि कामाला लागे.

ती गेल्याचं कळल्यावर भाऊ अकोल्याहून आले. शांताच्या क्वार्टरच्या ओट्यावर ते माझ्याजवळ बसले. मग म्हणाले, "विमल, मले तो शेवट अजून बी पटला नाही." मी म्हटलं, माहीत आहे. "मांगच्या दिवाळीले आली तवा पुन्हा भांडलो होतो आमी. म्हटलं, निदान घोडा तरी ठेवाचा होता. तं म्हने, भाऊ, तुमी सुधरान असं मले वाटत नाही." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आता कोनाशी भांडू?"

तिचं सामान तिच्या भावाच्या स्वाधीन करून मी दवाखान्यात तिच्या चाव्या द्यायला गेले. दुपार होती. बाळंतिणींच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत अरुंद रुळांच्या छोट्या लाइनच्या गाडीनं आलेली एक पहिलटकरीण कळा देत होती आणि शांताच्या हाताखाली काम केलेली कौसल्या आया तिची कंबर चोळत होती. चोळता चोळता ती तिला गोष्ट सांगत होती. मला आधी लक्षात आलं नाही, मग दिवाण आला, काळा रुमाल आला. इथल्या प्रत्येक पोरीला कळांच्या वेळी शांता घोडेवाली सांगायची, आणि ऐकून ऐकून कौसल्येला ती पाठ झाली होती, हे मला तेव्हा प्रथमच कळलं. मी दाराशी थांबले. मांडव सजला. सनई वाजली. पोरगी घोडा सोडून चालायला लागली.

"आन् लगन?" ती मुलगी धापा टाकत म्हणाली.

"लगन नाही."

"काहून वं? लावून दे ना, मावशी. मले बरं वाटन."

कौसल्येचा हात थांबला नाही. "सिस्टरबाईनं जसं सांगतलं तसंच सांगून राह्यली मी," ती म्हणाली. "ऐकाचं असन तं पुरं ऐक. आता ते इहिरीवर येते..."