बद्द

ज्योतीराम घरातल्या वस्तूंना टिचक्या मारू लागला, त्याला महिना होऊन गेला होता. तांब्याला टिचकी, कंदिलाच्या काचेला टिचकी, जेवायला बसला की आधी ताटाच्या काठाला टिचकी. मग मान तिरकी करून ऐकायचा आणि हळूच म्हणायचा, "बद्द."

त्याची बायको मंजुळा हे बघत होती. दोघंही करमाळ्याकडच्या कुंभारांच्या घरातली. टिचकीचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. भाजलेलं मडकं खणखणीत वाजलं की चांगलं, बद्द वाजलं की कुठंतरी भेग आहे. या कानाच्या जोरावरच ज्योतीरामला पिंपरीजवळच्या काचेच्या कारखान्यात काम मिळालं होतं. पट्ट्यावरून औषधाच्या रिकाम्या बाटल्या यायच्या. तो एकेक उचलून उजेडात धरायचा, फिरवायचा, नखानं वाजवायचा. बद्द वाजेल ती डावीकडच्या टोपलीत. मिनिटाला वीस बाटल्या.

यंदा अठ्ठावन्न सालच्या होळीनंतर कारखान्यानं घाई सुरू केली. भट्टीतल्या बाटल्या सावकाश निवल्या नाहीत तर तडकतात, पण आता त्या लवकर बाहेर काढू लागले, आणि पट्टाही जोरात फिरू लागला. विसाच्या छत्तीस झाल्या. ज्योतीरामची टोपली दुपटीनं भरू लागली. त्याची झोप उडाली. आणि मग टिचक्या घरी आल्या.

एके दिवशी घरमालकीण गोजाबाई दारात येऊन उभी राहिली. पिढ्यान् पिढ्या इथंच शेती केलेली बाई, आवाज दोन शेतांपलीकडं पोचणारा.

"मंजुळे, तुझ्या मालकानं माज्या नव्या माठाला बद्द म्हटलं. चार दिस झालं, कुठं थेंब गळंना. ह्ये बाहेरचं हाय बघ. दिघीला एक जानता हाय, त्याला दाखव."

"बघते, मावशी."

"बघती काय! परवा माज्या टकुऱ्यापाशी बोट आनलं हुतं त्यानं. म्या म्हनलं, बाबा, ह्ये आधीच बद्द हाय, नगं वाजवू."

मंजुळा हसली, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. माठ तर चांगला होता. मग याचा कान गेला की डोकं? त्या दिवसापासून तिला प्रत्येकाच्या नजरेत काहीतरी दिसू लागलं. नळावर बायका 'येरवडा' म्हणायच्या आणि तिची कळशी दिसली की भाजीवर बोलायच्या. वाणी सामान ज्योतीरामच्या हातात न देता तिच्या हातात देऊ लागला. जेवताना नवऱ्याच्या बोटांकडं पाहत बसायची, आणि आपण पाहतोय हे त्याला कळलं की तिलाच चोरट्यासारखं व्हायचं.

गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, सुपरवायझर उद्धवराव घरी आले. दोन वर्षांत कधी या गल्लीत न दिसलेला माणूस आणि हातात पेढ्यांचा पुडा! मंजुळेनं स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं आणि मनात म्हणाली, हे काही सरळ दिसत नाही. ज्योतीराम बाहेर ओट्यावर बसून राहिला. आत बोलावलं तरी आला नाही.

"वहिनी, ज्योतीराम म्हणजे आमचा हिरा," उद्धवराव म्हणाले. "पण डोक्याला ताण झालाय. तुम्हाला दिसतंच आहे. एवढ्या कागदावर सही करा, पुढचं मी बघतो."

मंजुळा तिसरी शिकलेली. अक्षरांखाली बोट फिरवत तिनं वाचलं. 'माझे पती गेल्या दिवाळीपासून घरी भ्रमिष्टासारखे वागतात. त्यांना नसलेले आवाज ऐकू येतात.'

"दिवाळीला तर चांगले होते, भाऊजी. हे होळीनंतरचं आहे."

"महिन्यांचं काय घेऊन बसलात! सही झाली की त्यांना आवारात बसून काम. खोक्यात पेंढा भरायचा. पगार तोच. सही नाही झाली, तर साहेब सरळ घरी बसवतील. मग मला बोल लावू नका."

पगार तोच. मंजुळेनं त्यांनी पुढं केलेलं पेन हातात घेतलं. पण टोक कागदाला टेकेना. घरात माणूस कसा वागतो, याच्याशी कारखान्याला काय करायचंय? आणि दिवाळीच का हवी?

"यांनी होळीपासून बाजूला काढलेल्या बाटल्यांचं काय होणार?"

उद्धवरावांनी खिशात हात घातला. "त्या चांगल्याच आहेत. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसानं काढलेल्या. जातील परत मालात. ही बघा, दाखवायला आणलीच आहे एक. कुठं भेग दिसते? ठेवा, तेलाला होईल."

मंजुळेनं बाटली दारातल्या उजेडात धरली. भेग दिसेना. टिचकी मारली. खणखणीत वाटली. पुन्हा मारली, आता तशी वाटेना. आता तिचा स्वतःच्या कानावरही भरवसा राहिला नाही.

आधण खळखळू लागलं होतं. औषध भरण्याआधी बाटल्या कढत पाण्यानं धुतात, हे ज्योतीरामनंच तिला कधीतरी सांगितलं होतं. तिनं बाटली उंबऱ्यावर ठेवली आणि पातेलं चिमट्यात धरून पाणी ओतलं.

टक् असा आवाज झाला. बूड सबंध निसटलं आणि पाणी उंबऱ्यावरून वाहून गेलं.

"अहो वहिनी, उकळतं पाणी ओतल्यावर कुठलीही बाटली फुटणारच!"

मंजुळेनं फळीवरची धुतलेली तेलाची बाटली काढली. त्याच कारखान्यातली, पण दोन वर्षांपूर्वीची. मान वाकडी म्हणून कामगारांना वाटून टाकलेली. तीत उरलेलं पाणी ओतलं. वाकड्या मानेतून वाफ येत राहिली. बाटली जागची हलली नाही.

मग तिनं पेन उचललं. दिवाळी खोडून लिहिलं, 'होळीनंतर पट्टा वाढला तेव्हापासून.' खोटं तिला लिहायचं नव्हतं, नवऱ्यासाठीसुद्धा. नसलेल्या आवाजांचं वाक्यच खोडून तिनं लिहिलं, 'बाटल्यांचे आवाज खरे आहेत. बाकीचे मला कळत नाहीत. झोप नाही.' खाली सही केली.

"याचा मला काय उपयोग?"

"लिहून तुम्हीच मागितलंत, भाऊजी."

उद्धवरावांनी कागद खिशात कोंबला. मग खाली बसून काचेचे तुकडे एकेक वेचून रुमालात घेऊ लागले. एवढ्या मोठ्या माणसाला काचा वेचताना पाहून मंजुळेची उरलीसुरली शंकाही फिटली. बाटलीत भेग होती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"बूड कुठाय?"

"फुटलं की."

त्यांनी एकदा कोपरे न्याहाळले आणि निघाले. पेढ्यांचा पुडा मात्र आठवणीनं उचलला.

ते वळणापलीकडं गेल्यावर ज्योतीराम आत आला. मंजुळेनं उद्धवरावांची नजर चुकवून पिठाच्या डब्यात दडवलेलं काचेचं बूड काढून पदराला पुसलं आणि त्याच्या हातात ठेवलं. केसासारखी एक भेग अर्ध्यापर्यंत गेली होती. त्यानं भेगेवरून नख फिरवलं.

"म्हणजे मी वेडा नाही."

"बाटल्यांपुरते तरी नाही," ती म्हणाली. "पण महिनाभर झोप नाही तुम्हाला. उद्या पुण्याला डॉक्टरांना दाखवू. आपले आपण जाऊ. मी बाहेर दाराशीच बसते."

त्यानं बूड फळीवर ठेवलं. बोट मात्र आपसूक पिठाच्या डब्याकडं गेलं. टिचकी.

"बद्द."

पुन्हा तेच, मंजुळेला वाटलं. मग तिचं लक्ष डब्याकडं गेलं. काठोकाठ भरलेला डबा, दुसरा कसा वाजणार? भरलेलं भांडं वाजवायचं नसतं, हे तर कुंभाराच्या घरात बोलता येण्याआधी कळतं. तिनं पीठ परातीत ओतलं.

"आता वाजवा."

त्यानं वाजवलं. पट्ट्यावर कधीच मिळत नसे इतका वेळ ऐकत राहिला. "खणखणीत," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

यापुढं कारखान्याचं दार त्याला उघडं असेल की नाही, तिला माहीत नव्हतं. तिनं त्याचा हात धरला आणि तशीच गोजाबाईच्या दारात गेली.

"मावशी, तुमचा माठ जरा रिकामा करता?"

"अगं सटवे, आत्ताच भरलाय की!"

"व्हय," ज्योतीराम म्हणाला, "तवाबी भरलेलाच हुता."