कोऱ्या जागेवरची रेघ

"कोरी जागा ठिवायची न्हाई," असं म्हणत आप्पा खिशातलं बॉलपेन काढायचे.

आमच्या सहकारी दवाखान्याच्या मासिक सभेत सेक्रेटरी ठराव लिहून वही फिरवायचे. उजव्या पानावर ठराव, डाव्या पानावर आम्हा संचालकांच्या सह्या. आप्पा सगळ्यांच्या शेवटी सही करायचे. त्याआधी उजव्या पानावर उरलेल्या जागेत, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, ते एक तिरकी रेघ मारायचे. पेन इतकं दाबायचे की पुढच्या पानावर वळ उठायचा. त्या वळावरून बोट फिरवून म्हणायचे, "आता कोण काय घुसवतंय बघू."

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लोक त्याला हसतात आणि जरा घाबरूनही असतात.

मी तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. महिलांच्या राखीव जागेसाठी कोणी मिळेना, म्हणून मला संचालक केलं होतं. सभेत मी फारसं बोलत नसे. बौद्धवस्तीतली मुलगी म्हणून आपल्याला कोण कसं बघतं, याकडेच माझं अर्धं लक्ष असे. आप्पा पिंपरी पेंढारचे, जुने बागायतदार, चेअरमनच्या भावकीतले. ते माझ्याकडे बघतात ते संशयानेच, असं मला वाटायचं.

पण खरं सांगायचं तर ते सगळ्यांकडेच तसं बघायचे. सभेआधी दवाखान्यात जाऊन स्वतःचं ब्लडप्रेशर मोजून घ्यायचे. दुखायचं काही नसायचं. "माझं परवाएवढंच आलं तर मशीन बरोबर," असं त्यांचं म्हणणं. औषधांच्या खोक्यांवरच्या तारखा मोठ्याने वाचायचे. नर्सबाई वैतागून म्हणायच्या, "आप्पा, मीच करते ना हे रोज!"

"तुमी करता म्हणून तर बघतो, बाई."

सभेतला चहा ते कधी घेत नसत. "चहा पोटात गेला की माणूस सही करतो," म्हणायचे. पण आमच्या वस्तीवर आले तेव्हाही त्यांनी चहा नाकारला होता. तो याच कारणाने की दुसऱ्या, हे मला ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

दर मंगळवारी दवाखान्याचे डॉक्टर आमच्या वस्तीवर यायचे आणि समाजमंदिराच्या ओट्यावर बसून पेशंट तपासायचे. माझ्या वडिलांना दमा होता. एरवी दवाखान्याला जायचं तर चढ चढून फाट्यावर एसटीची वाट बघायची. तेवढं चालणं त्यांना झेपत नव्हतं.

एका मंगळवारी डॉक्टर आले नाहीत. वडील गोळ्यांचं रिकामं पाकीट घेऊन दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "अहो, तुमच्याच बोर्डाचा ठराव आहे. वस्तीभेट बंद. तुमची सही आहे त्यावर."

मी सेक्रेटरींकडून त्या ठरावाच्या, उजव्या पानाची झेरॉक्स मागून घेतली. शेवटच्या ठरावाखाली आणखी एक ठराव होता, जरा दाटीने लिहिलेला. असा विषय सभेत निघालाच नव्हता. आणि रेघ कुठेही नव्हती.

माझा पहिला संशय आप्पांवरच गेला. त्या दिवशी त्यांना पेन चालवताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग रेघ गेली कुठे? नुसता हात फिरवला असणार. इतकी वर्षं न चुकणारा माणूस आमच्याच वस्तीच्या वेळी चुकतो? सही करताना मी स्वतः पान वाचलं नव्हतं, हेही खरं. आप्पा आहेत शेवटी, बघतील, म्हणून सोडून दिलं होतं. त्यामुळे राग जास्तच आला होता.

मी त्यांच्या घरी गेले. सूनबाईंनी चहा आणला.

"घे पोरी."

"नको. चहा घेतला की माणूस सही करतो."

ते मोठ्याने हसले. "शिकलीस की लई लवकर!"

मी झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. काय झालं ते सांगितलं आणि धीर करून विचारलं, "तुम्ही रेघ का नाही मारली आप्पा?"

त्यांचं हसू गेलं. "मारली म्हंजी मारली." त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "वळ लागंना."

"झेरॉक्स आहे ती. तिला वळ कसा लागेल?"

"मग हे काय, ठराव हितं वर हाय, न्हाई का?" ते बोट ठेवून म्हणाले.

त्यांनी कागद उलटा धरला होता.

त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी कागदाची घडी केली आणि मला परत दिली. "मीटिंगला ये," एवढंच म्हणाले. परतीच्या एसटीत मला वाटत होतं, हेही नाटक असेल.

पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीचाच होता, मागच्या सभेचे ठराव वाचून कायम करणे. एकदा ते कायम झाले की मंगळवार कायमचा गेला. मी उभी राहिले. म्हणाले, हा ठराव नंतर लिहिलाय.

चेअरमन शांतपणे म्हणाले, "ताई, वस्ती तुमची, तुमी असंच म्हणणार. पण आप्पांची सही हाय शेजारच्या पानावर. कोरी जागा असती तर आप्पांनी रेघ मारली नसती का? रेघ न्हाई, म्हंजी ठराव आधीच व्हता."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आप्पांची रेघ चुकत नाही हे साऱ्या तालुक्याला माहीत होतं. त्यांच्याच सवयीचा पुरावा झाला होता.

आप्पांनी हात पुढे केला. "वही."

वही समोर येताच त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली नाही. तळहाताने पानं चाचपली. मग बोटं डाव्या पानावर, सह्यांवरून सरकू लागली आणि एका जागी थांबली.

"ही बघा रेघ."

आम्ही वाकून पाहिलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आमच्या सगळ्यांच्या सह्यांवरून एक तिरकी रेघ गेली होती. त्यांची स्वतःची सही त्या रेघेवरच होती.

"उजवं पान समजून डाव्यावर मारली. मला दिसत न्हाई. लई दिवस झालं." ते सेक्रेटरींकडे वळले. "माज्या ध्यानात आलं न्हाई. तुमच्या मातुर बरोबर आलं, राव."

कोणी हसलं नाही. औषधांवरच्या तारखा मोठ्याने वाचणारा माणूस बरेच दिवस त्या तारखा नर्सबाईंना विचारून पाठ करत होता, हे मला नंतर नर्सबाईंकडूनच कळलं.

ठराव रद्द झाला. पुढच्या मंगळवारी डॉक्टर ओट्यावर आले. आप्पांनी मात्र त्याच महिन्यात राजीनामा दिला. "न दिसणाऱ्यानं राखण करू न्हाई," म्हणाले.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ते इतके दिवस टाळत होते, कारण डॉक्टरवर विश्वास नव्हता. शेवटी तयार झाले तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. संमतीचा छापील फॉर्म माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग म्हणाले, "खाली जागा हाय का?"

"आहे थोडी."

"मार रेघ." मी मारली, तेव्हा त्यांनी सही केली. तिथली नर्स आमच्याकडे बघतच राहिली. त्यांनी ते काम मला सांगितलं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

नवी दृष्टी त्यांना दोनच वर्षं लाभली. ते गेले त्यानंतरच्या सभेत आम्ही उभे राहून श्रद्धांजली वाहिली. सेक्रेटरींनी दुखवट्याचा ठराव लिहिला. वही शेवटी माझ्याकडे आली. खाली चार बोटं जागा उरली होती.

मी पेन काढलं, तसे चेअरमन म्हणाले, "अहो ताई, दुखवट्याखाली कोण काय लिहिणार?"

मी उजवं पान आहे ना ते नीट पाहिलं आणि रेघ मारली. मग पान उलटून पुढच्या पानावरच्या वळावरून बोट फिरवलं. लागत होता.