सारिकाच्या मापाचा निळा कुर्ता

शिलाईच्या दुकानात संध्याकाळी झाडू मारला की कटिंग टेबलाखालून चिंध्यांचा ढीग निघतो. दिवसभरात एवढं कधी कापलं, आपल्यालाच कळत नाही. किस्स्यांचंही तसंच. चिंध्या शोभामावशी उशीत भरते. किस्से कशात भरायचे? म्हणून तुम्हाला सांगते.

दुकान देवळाली प्रवरात, मावशीचं. ती माझ्या आईची बहीण नाही, अख्ख्या गल्लीची मावशी आहे. मी बी.ए. केलं, नगरला फॅशन डिझायनिंगचा डिप्लोमा केला आणि जग बदलायला तिच्या दुकानात आले. सुरुवात ड्रेसच्या खालच्या कडेपासून! सगळ्या बायकांची कड एका सरळ रेषेतच का हवी? एकीकडे गुडघ्याशी, दुसरीकडे पोटरीच्या खाली, असं का नको? बाजारात याला 'अप-डाऊन' म्हणतात. तसा एक गडद निळा कुर्ता मी शिवला आणि दाराशी हँगरला लावला.

माप मात्र माझं नव्हतं. सारिकाचं होतं.

*

सारिका डिप्लोमाला माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. एकदा येताना तिचा कुर्ता सायकलच्या चेनमध्ये अडकून टर्रकन फाटला. दुसरी कुणी असती तर घरी गेली असती. हिनं कात्री घेतली, फाटल्या जागेपासून तिरपा काप दिला आणि वर्गात येऊन बसली.

मॅडम म्हणाल्या, "हे काय गं?"

"डिझाईन!"

संध्याकाळपर्यंत दोन मुलींनी तिला विचारलं, "कुठून घेतलास?"

त्याच दिवशी आमचं ठरलं. स्वतःचं दुकान, समोरासमोर दोन मशिनी. वहीच्या मागच्या पानावर तिनं पाटीसुद्धा काढून ठेवली. मग तिचं लग्न ठरलं, मिरजगावला. मी जाम तणतणले. "नाही म्हण ना सरळ!"

ती म्हणाली, "तुझ्यामागं कुणी नाही. माझ्यामागं दोघी बहिणी उभ्या आहेत."

मावशीच्या दुकानात दुसरी मशीन आहे. मावशी तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. मी ते उचलून टेबलावर ठेवते. मावशी परत मशीनवर ठेवते. दोन वर्षं झाली, रोज हेच चाललंय.

*

हँगरवरचा कुर्ता बघून पहिलं मत दिलं ते शाळेतल्या एका बाईंनी. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "कापड कमी पडलं का गं? आधी नाही का सांगायचं!"

मी पेटलेच. समानता म्हणजे काय, सारखेपणा म्हणजे काय, बाईनं कसं दिसावं हे कुणी ठरवायचं, असं वीस मिनिटं बोलले. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. मला वाटलं, एक माणूस तरी बदललं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याच निळ्या रंगाचा तुकडा आणून दिला!

*

मग एक आजी आल्या, नातीचं परकर-पोलकं टाकायला. कुर्त्याची कड त्यांनी चिमटीत धरली. "काय म्हन्त्यात गं ह्याला?"

"अप-डाऊन, आजी. नवी फॅशन."

"नवी? आगं, उसाला पानी धरताना आमी एका अंगानं लुगडं वर खोचायचो. दुसरं अंग चिखलात लोळायचं. तवा सासू बांधावरनं वरडायची, नीट नेस म्हनून!"

सगळ्या हसलो. आजी कड सोडेनात.

"लई हलकं वाटायचं पर," त्या म्हणाल्या आणि परकराचं माप द्यायला लागल्या.

*

एक गवंडी दादा बायकोबरोबर ब्लाऊज न्यायला आले. एक डोळा मिटून त्यांनी कुर्त्याची कड अशी न्याहाळली, जशी ओळंब्यानं भिंत बघतात. "मावशी, माझी भिंत अशी आली असती तर मालकानं पाडाया लावली असती!"

मावशी खूश. माझ्याकडे बघून भुवया उडवतेय.

तेवढ्यात त्यांची बायको म्हणाली, "आपल्या मोरीचा उतार बघा आधी. पानी चुलीकडं येतंय!"

त्या बाईंना मी ब्लाऊजला फुकट लटकन लावून दिलं.

*

पण मावशीचं मत काही हलेना. "गिऱ्हाइकाला वाटतं, आपली मशीन बिघडलीय. काढ तो हँगर."

"जिचं माप आहे ती येऊन घालेपर्यंत राहील."

"ती काय येत न्हाई आता."

मावशी हे चिडून बोलली असती तर मी भांडले असते. ती हळू बोलली.

त्याच आठवड्यात मी कुर्त्याची घडी घातली, खाली सलवार ठेवली आणि सगळं मिरजगावला कुरिअर केलं. आत चिठ्ठी: 'घालून फोटो पाठव. लगेच!'

आठ दिवस काही नाही. रिकाम्या हँगरकडे बघत मी मोबाईल उलटासुलटा करत होते. नवव्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर सारिका, डोक्यावर पदर. शेजारी तिच्या सासूबाई, तोंडभर हसत. सारिका त्यांना आत्या म्हणते.

"पोरी, तुजी चूक झाली हुती बघ," आत्या म्हणाल्या. "येक बाजू लांब ऱ्हायली हुती. मी केली सारखी. मशीन न्हाई आपल्याकडं, हातानं टाका घातलाय. म्हनलं, सुनंच्या मैत्रिनीचं नाव कशाला खराब व्हायचं?"

मागासलेल्या विचारांच्या प्रत्येक माणसासाठी माझ्याकडे भाषण तयार असतं. मी म्हणाले, "थँक्यू, आत्या."

त्या उठून गेल्यावर सारिकानं कुर्ता कॅमेऱ्यासमोर धरला आणि खालची कड उलटी केली. आत्यांनी कापड कापलं नव्हतं. सगळं आत दुमडलं होतं.

आम्ही दोघी त्या दुमडीकडे बघत बसलो. मग आतून हाक आली आणि फोन बंद झाला.

*

गेल्या महिन्यात सारिका बहिणीच्या साखरपुड्याला माहेरी आली. चार दिवस तिला घरच्यांनी सोडलं नाही. पाचव्या दिवशी, निघायच्या दिवशी, दुपारी दुकानात आली. अंगात तोच निळा कुर्ता, कड अगदी सरळ.

मावशीनं दुसऱ्या मशीनवरचे कपडे उचलले आणि टेबलावर ठेवले.

सारिका तिथं बसली. मशीनच्या चाकावरून हात फिरवला. म्हणाली, "ब्लेड दे."

एकेक टाका तिनं उसवला. कापड खाली सुटलं. दुमडीच्या आतला निळा रंग बाहेरच्यापेक्षा गडद राहिला होता. ती उठली, आरशात बघितलं आणि तशीच बाहेर पडली. मी मागून धावले. बाजारपेठेच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. ती पुढे चालत होती आणि कड एका बाजूनं फडफडत होती. वाटेत त्या शाळेतल्या बाई भेटल्या. मला म्हणाल्या,

"अगं, तुकडा दिला होता ना मी!"

तुकड्याचा किस्सा मी सारिकाला फोनवर सांगितला होताच. ती इतकी हसली, इतकी हसली की तिला रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं.

दुकानात आलो, चहा झाला. चारची एसटी होती. साडेतीनला सारिका माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं लांब बाजू उचलून जुन्या घडीवर बरोबर दुमडली.

"आत्यांचा टाका लई बारीक असतो. मला तसा येत नाही. तू घाल."

मला खूप काही बोलायचं होतं. मावशीनं निळ्या दोऱ्याची सुई माझ्या हातात दिली. मी गुडघे टेकून सारिकाच्या पायाशी बसले आणि अंगावरच्या कुर्त्याला टाके घालायला लागले, आत्यांच्या सुईची भोकं शोधत.

चार टाके झाले तशी ती वाकली.

"एवढा घट्ट नको ओढू," ती म्हणाली. "परत उसवायचाय."