फोनवर दिलेला निकाल

मी पॅथॉलॉजिस्ट. नाशिकच्या एका रुग्णालयात गाठी कापून त्यांची जात सांगणं हे माझं काम, आणि तापट डोकं हा माझा जुना आजार.

त्या दिवशी ऑपरेशन चालू असतानाच सर्जनने फुफ्फुसातली गाठ काढून माझ्याकडे पाठवली. बाई चौतीस वर्षांची, नवरा सातपूरच्या कारखान्यात कामाला. गाठ कॅन्सरची असेल तर फुफ्फुसाचा खालचा अख्खा भाग काढायचा, साधी असेल तर टाके घालून मोकळं व्हायचं. मी तुकडा गोठवला, पातळ काप घेतले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कॅन्सरसारख्या दिसल्या. पण गाठ गोल आणि गुळगुळीत होती, कापताना सुरीखालून लिंबासारखी निसटत होती. कॅन्सर सहसा असा नसतो. तिथेच थबकायला हवं होतं. ‘आत्ता सांगता येत नाही’ हे उत्तरही आमच्याकडे चालतं, फक्त मला ते द्यायची लाज वाटायची. सर्जन निकालासाठी फोनवर ओरडला, मी दुप्पट ओरडलो, "कॅन्सर आहे. काढा."

चौथ्या दिवशी त्याच गाठीच्या, सावकाश तयार होणाऱ्या पक्क्या स्लाइड आल्या. वरच्या थरातल्या पेशी आणि खालच्या गोल पेशी, दोन्ही निरुपद्रवी. फुफ्फुसातली एक दुर्मिळ साधी गाठ, कॅन्सरचं सोंग घेण्यात पटाईत. मी टेबलावर अशी मूठ आपटली की चहाचा कप फुटला.

वॉर्डात मीच गेलो. कॅन्सर नाही म्हटल्यावर नवऱ्याने माझे पाय धरले. एवढंच सांगून निघा, असं सर्जनने बजावलं होतं. मला ते जमलं नाही. तो भाग काढायची गरजच नव्हती, चूक माझी, असं मी सांगून टाकलं.

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग त्याने गचांडी धरून मला भिंतीवर आदळलं. पहिल्या ठोशाला ओठ फाटला, दुसऱ्याला दात हलला. सलाईनचा स्टँड खांद्यावर बसला. खरं सांगतो, माझेही हात शिवशिवले आणि मीही त्याच्या छातीत एक ठेवून दिली. सुरक्षारक्षकांनी त्याला पालथा पाडून पाठीवर गुडघा रोवला. पोलीस आले. डॉक्टरवर हात उचलला की जामीन सहज मिळत नाही. तक्रारीवर माझी सही झाली की तो आत जाणार होता.

हवालदाराने कागद पुढे केला तेव्हा बाई खाटेवरून म्हणाली, "डॉक्टर, माझं एक काढून घेतलं तुम्ही. आता माझा माणूस नका नेऊ."

मी सही केली नाही. एवढं बोलायला तिला तीनदा दम घ्यावा लागला होता.